अश्विनपासून खिचडी

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५
शाळेच्या व्हरांड्यातून

संघपालदादा,

सप्रेम जयभीम. मी बरी हाय. तुझा खोकला कसा हाय? घुग्घुसच्या खाणीतून आल्यावर गुळण्या करत जा, वहिनीले मागं लागाले लावू नको. फोनवर तू मले बोलूच देत नाई. "सही कर अन् मोकळी हो," म्हणलं अन् ठेवून देल्ला. म्हणून कागदावर लिहून राह्यली. इथी तुले मधात बोलता येत नाई.

झालं काय ते तू आमच्या हेडमास्तरच्या, धनराज सरांच्या तोंडून ऐकलं. आता माझ्या तोंडून ऐक.

दुसरीच्या लेकराइले क ते ज्ञ तोंडपाठ हाय. पण म आधी का र आधी, इचारलं की क पासून पुटपुटत, बोटावर मोजत येतात. फळ्यावर शिकवून थकली. मंग एक दिवस दुपारच्या खिचडीच्या लाइनीत सांगितलं, आपापल्या नावाच्या अक्षरानं उभे राहा.

राजदीप अन् रिना, दोघंही र. धक्काबुक्की. बुधूनं निकाल देल्ला, "रा आधी, रि मंग. बाराखडी पाय ना बे." चार दिवसांत वर्ग पक्का. अश्विन, इसरू, बुधू, मयुरी, राजदीप, रिना, लोकेश. कोणी रोज शेवटी नको म्हणून एक दिवस सुलटं, एक दिवस उलटं. उलट्या दिवशी तर माझ्याहून फटाफट सांगतात. खिचडी वाढणाऱ्या आशाबाई म्हणे, "मॅडम, मले बरं झालं. कोण जेवलं, कोण राह्यलं, लगेच समजते."

यात भांडण कुठी हाय, ते तुले सांगाले नाई लागत. आधी रोज लोकेश पहिला, काऊन का त्याच्या आबाजीनं शाळेले जागा देल्ली. मंग गावातले. सगळ्यात मागं आपल्या मोहल्ल्यातला अश्विन. खिचडीचा गंज खाली व्हाले आला की त्याचा नंबर. हा नियम कुठी लिहिला नाई. कोणाले इचारलं तर म्हणतात, असं काही नाई बा.

मंगळवारी सुलटा दिवस होता. मुखरूआबाजी, म्हणजे लोकेशचे आबाजी अन् शाळा समितीतले, शाळेत आले अन् नातवाले दंडाले धरून अश्विनच्या पुढं नेऊन ठेवलं. लोकेश परत मागं गेला. म्हणे, "आबाजी, र च्या मंग ल येते. तुमाले येत नाई का?"

पोरं हासली. आशाबाईनं तोंडाले पदर लावला. मीही हासली, ते खोटं नाई सांगत.

"हे कोणाच्या सांगण्यानं चालून राह्यलं?" आबाजीनं मले इचारलं.

"अ आ इ च्या."

"अ आ इ ले गावानं इचारलं नोतं."

संध्याकाळी धनराज सरांनी कोरा कागद देल्ला. "दोन ओळी लिहा, हर्षा मॅडम. माझी चूक झाली, लाइन पहिल्यासारखी करते. नाई तर सोमवारी समिती तुमाले काढून टाकन. तुमी कंत्राटी, मी काय करू?"

दादा, मी लिहाले बसली होती. "माझ्याकडून" पर्यंत लिहिलं. पेन तिथीच थांबला, अन् मले आपली शाळा आठवली. मी पहिलीत, तू चौथीत. मले भूक लागली होती, मी सरळ पुढं जाऊन ताट धरलं. कोणी काही बोलाच्या आधी तूच आला. माझं मनगट धरून सगळ्याइच्या समोर मले मागं ओढत आणलं, अन् घरी मायले सांगितलं का हर्षाले गर्दी आवडत नाई. मले गर्दी आवडे. मले गरम खिचडी आवडे. इतकी वर्षं हे तुले बोलली नाई, काऊन का मले मार पडू नये म्हणून तू तसं केलं, हे मले समजते. तू नऊ वर्षांचा होता. पण आता तू नऊ वर्षांचा नाई. तरी फोनवर तू पुन्हा तेच करून राह्यला.

कागद मी फाडला. माफी लिहून देणार नाई. नोकरी तू लावून देल्ली, ती गेली तर राग धर, तुझा हक्क हाय. पण अश्विनले आता माहीत हाय का तो पहिला काऊन हाय. ते त्याच्या डोक्यातून कोणती समिती काढन?

सोमवारी समिती दुपारी जेवाच्या वक्ती येते. त्याइलेही ताट हातात देऊन नावानं उभं करणार हाय. मुखरूआबाजीची जागा मयुरीच्या मागं, राजदीपच्या पुढं. लोकेशनं आधीच ठरवून ठेवलं.

रजा टाकून ये. मले समजवाले येत असशील तर घुग्घुसलेच राह्य. जेवाले ये. तुझी जागा लोकेशच्या मागं हाय, माझ्या पुढं. मधात कोणी नाई.

वाट पाहून राह्यली, पण मागं न सरकता,
हर्षा