प्राणीबागेचा वर्षाचा पास

प्रिय आई,

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. एकाच ओट्याशी उभ्या असलेल्या सासू-सुना एकमेकींना पत्रं कशाला लिहितील? आज लिहितेय, कारण जेवणाच्या टेबलावर एक फॉर्म पडलाय आणि तो भरायचा की फाडायचा हे मला ठरवता येत नाहीये. नाना जेवून झोपलेत. सुनील ईशाला क्लासला सोडायला गेलाय. एरवी असल्या बाबतीत मी तुम्हालाच विचारलं असतं. तुम्ही "तुझं तू बघ बाई" म्हणाला असतात आणि शेवटी तुमचंच खरं केलं असतंत!

फॉर्म नेऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या प्राणीबागेचा आहे. आठवते ना? हरणं, मोर, साळिंदर आणि कधीच न हलणारी ती मगर. वर्षाचा पास मिळतो म्हणे आता. दोन माणसं, वर्षभर, हवं तितक्या वेळा आत. तुम्ही हसाल. तीच मगर वर्षभर बघायला पास कोण काढतं?

आम्ही, आई. आम्ही दर रविवारी जातो.

करंजाड्याला राहायला आलो त्या वर्षी तुम्ही आम्हाला तिथे नेलं होतंत. रविवारची ही गर्दी, मुंबईहून आलेल्या गाड्या, आणि तिकिटाच्या खिडकीला पुरुषांची रांग पार फाटकाबाहेर. सुनील तिच्यात उभा राहायला निघाला तर तुम्ही त्याला मागे ओढलंत. "बायकांची रांग कशाला ठेवलीय मग?" पर्स काखेत मारून तुम्ही सरळ पुढे. नाना पिशवी सांभाळत बदामाच्या झाडाखालच्या बाकावर बसले. एसटीचं असो, सिनेमाचं असो, तुमच्या नवऱ्याने जन्मात कधी तिकीट काढलं नाही. रांगेतले अनोळखी पुरुषसुद्धा तुम्हाला विनवायचे, "वहिनी, आमचीपण दोन घ्या ना!" तुम्ही घ्यायचात, आणि सुट्या पैशांवरून त्यांनाच झापायचात.

तुम्ही गेल्यावर नानांचं विसरणं किती वाढलंय ते पाहायला तुम्ही नाही, हे एका अर्थी बरंच. दिवसातून वीसदा विचारतात, "ही कुठे गेली?" सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो. मग ते प्रत्येक वेळी नव्याने रडायचे. सकाळी चहाच्या वेळी एकदा, जेवताना एकदा, दिवे लागले की परत. एका माणसाला एकच मरण किती वेळा सांगायचं? मग आम्ही "गावाला गेल्यात" म्हणू लागलो, तर चिडायचे. मला न सांगता गेली कशी, म्हणून पिशवी भरून दाराशी उभे.

असंच एका रविवारी घरात राहवेना म्हणून मी त्यांना सहा आसनी रिक्षात घातलं आणि प्राणीबागेत नेलं. त्यांना त्याच बाकावर बसवून बायकांच्या रांगेत उभी राहिले. तिकिटं घेऊन परत आले, तर फाटकावरची बाई, नेऱ्याचीच आहे, त्यांना विचारत होती, "बाबा, एकलंच आलाव? सोबत कोन हाय?" आणि नाना किती निवांतपणे म्हणाले, "आमची मिसेस तिकीट काढतेय."

आई, दीड वर्षात तो आवाज मी ऐकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी एकदाही तुम्हाला शोधलं नाही. माझ्या हातात तिकिटं दिसताच ते उठले, आत हिंडलो, मगर पाहिली, दाणे खाल्ले. तुम्ही कुठे आहात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुम्ही रांगेत होतात.

तेव्हापासून एकही रविवार चुकला नाही. पण मी दमलेय. सोमवार ते शनिवार ऑफिस, त्यांच्या गोळ्या, आंघोळ, ईशाची दहावी, आणि उरलेल्या एका दिवशी उन्हात रांग. रागावू नका, पण विचारतेच. तुम्ही त्यांना एवढं लाडावून का ठेवलंत? साधा चहा करायला तरी शिकवायचंत. सगळं तुम्ही केलंत आणि मग मला एका शब्दाने न विचारता ते माझ्या ओटीत टाकून निघून गेलात!

सुनीलला माझी दया आली. म्हणाला, "दर आठवड्याला रांग कशाला लावतेस? पास काढून टाक, सरळ आत जा." वाईट नाही हो तो, फक्त ती रांग कशासाठी आहे हे त्याला माहीत नव्हतं. गेल्या रविवारी तो स्वतः आला. आमच्याआधी बाइकवर पुढे जाऊन तिकिटं काढून ठेवली त्याने. आम्ही रिक्षातून उतरलो तो त्याने नानांचा हात धरून थेट फाटकाकडे नेलं. नाना तिथेच अडले. "ही बाहेर आहे. तिला सोडून आत जाऊ?" सुनीलने समजावलं, ओढलं, आणि मग त्याचा तोल गेला. "नाना, आई गेली! गेली ती!" एवढ्या गर्दीत. फुगे धरलेली पोरं, पॉपकॉर्नवाला, सगळे बघत होते. नाना फाटकाला धरून रडले आणि त्यांच्या शेजारी तुमचा मुलगाही. आम्ही तसेच घरी आलो.

त्या फाटकावरच्या बाईने तेव्हा सगळं पाहिलं होतं. आज सकाळी मला बघताच बाजूला घेऊन म्हणाली, "ताय, पास काडा नी लायनीतपन उब्या ऱ्हावा. आमी काय बोलनार नाय." आणि तिनेच हा फॉर्म हातात दिला. म्हणजे बघा, अडचण तर सुटली. तरी माझा हात चालत नाहीये.

खरं कारण सांगू? दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. फॉर्मवर छापलंय, "मुदत : एक वर्ष". ते वाचलं आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर अजून एक वर्ष? मला नको. त्यांचं आणखी एक वर्ष मला नको, असं मी आज मनात म्हटलंय, आई. ज्या माणसाने माझ्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसून काढली, त्याच्याबद्दल. मला माझीच शरम वाटली. पण मनात आलं ते आलंच.

आणि आजच काय झालं बघा. तिकिटं घेऊन बाकापाशी आले. नाना माझ्याकडे बघून हसले, सरकून जागा केली आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, तुमच्या मांडीवर ठेवायचे तशी. म्हणाले, "मिळाली? बस जरा." मी बसले. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "अगं, पुढच्या वेळी सूनबाईला आण. पोरगी फार राबते. ती कधी कुठे जातच नाही."

"आणते हो," म्हटलं. तुमच्या आवाजात म्हणायला गेले, तो जमला नाही. मगरीसमोर उभी राहून मी पोटभर रडले आणि नाना मला दाणे देत राहिले.

त्यांना दिसतंय, आई. मी समोर असते तेव्हा ते मला ओळखत नाहीत, पण मी दमलेय हे त्यांना कळतं. हे तुम्हाला तरी कधी कळलं होतं का? कळलं असेल. तुम्ही बोलला मात्र नाहीत कधी.

तर माझं ठरलं. पास घेत नाही. तुमच्या हिशोबाने हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि सुनीलही तेच म्हणेल. पण वर्ष मला झेपत नाही हो. एक रविवार झेपतो. तो झाला की पुढचा बघू. त्यांना किती रविवार आहेत ते मी ठरवणार नाही, आणि मला किती जमतील तेही आज लिहून देणार नाही.

येत्या रविवारी मात्र मी तुमच्या रांगेत असेन, हा माझा शब्द. आजवर मी दोनच तिकिटं काढत आले, एक नानांचं आणि एक तुमचं. या वेळी तिसरं काढणार आहे. ओरडू नका, त्यांनीच सांगितलंय. सुनेला आणायचंय.

तुमची,
सुजाता