मागचं उडवा

४ नोव्हेंबर

आलो एकदाचे. नव्या घरात पाऊल टाकल्याबरोबर मुलीने मोबाइलची रेंज शोधली, आमच्या हिने गळका नळ शोधला आणि मी पाठ टेकायला जागा. संध्याकाळपर्यंत तिघंही आपापल्या शोधावर खूश.

वर्तमानपत्राने बातमीदारांच्या हातात मोबाइल दिले आणि माझ्या हातात नारळ. म्हणून या वयात ही नवी नोकरी. शिंप्याच्या दुकानावर फोटो स्टुडिओ आहे. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. एकटेच राहतात. हात थरथरतो म्हणून त्यांना माणूस हवा होता. माणूस देवासारखा, पण स्टुडिओ बघून मला भडभडून आलं. स्टूल थेट भिंतीला चिकटवलेलं आणि वर पाटी : ‘मागे कोणी उभे राहू नये.’ मी विचारलं, भिंत आणि पाठ यांच्यामध्ये उभं कोण राहणार, पाल? मास्तर हसले नाहीत. म्हणाले, इथे तसंच असतं. का, ते त्यांनाही ठाऊक नाही. अक्षर मात्र त्यांचंच.

७ नोव्हेंबर

काचेच्या कपाटात घबाड सापडलं. मास्तरांची जुनी लेन्स, वरवंट्यासारखी जड. एक कडी लावली की माझ्या कॅमेऱ्यावर बसते. उजेड कमी-जास्त करणारी आतली पाती तेलाने चिकटून कायमची सताड उघडी. म्हणजे फोकस मिळणार तो बोटभर जागेत. डोळा धरला तर पापणीचा केस न् केस दिसतो, कान तोवर विरघळलेला असतो आणि त्यामागची दुनिया म्हणजे पाण्यात सांडलेली शाई. पाती जरा मिटली असती तर पुढचं-मागचं सगळं सारखंच स्पष्ट आलं असतं. पण सगळंच स्पष्ट बघायची हौस कुणाला आहे? गिऱ्हाईक येतं ते एकच सांगत येतं, मागचं उडवा.

स्टूल ओढून मधोमध आणलं. मास्तर अस्वस्थ झाले. लेन्स वापर, पण स्टूल भिंतीपाशी राहू दे, म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, फोटोला खोली लागते. ते म्हणाले, खोली आहे की ही एवढी. विनोद केला असावा असं समजून मी हसलो. त्यांनी केला नव्हता.

११ नोव्हेंबर

एका कचेरीचे साहेब बढतीचा फोटो काढायला आले. बरोबर त्यांचा कारकून. साहेबांचं म्हणणं असं की कारकून मागे उभा असावा, म्हणजे आपल्या हाताखाली माणसं आहेत हे कळेल. पण तो उडवावा, म्हणजे कोण आहे ते कळणार नाही. अख्खा कारभार एका वाक्यात सांगून टाकला बाबाने. कारकुनाने मला हळूच विचारलं, मी हसू का? मी म्हटलं, हसा की, कुणाला दिसणार आहे!

फोटो असा आला की साहेबांच्या मिशीतला रंगवायचा राहिलेला एकुलता एक केस दिसतो. मागे कारकून, निळसर डाग. साहेब खूश होऊन गेले. डाग त्यांच्या मागोमाग जिना उतरला.

१५ नोव्हेंबर

मुलीला नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा होता. ही माझा डबा घेऊन आली होती, ती मुलीच्या मागे जाऊन पडदा सारखा करत बसली. पडद्याला चुणी पडलीय हे आमच्या घरात फक्त हिलाच दिसतं. मुलगी ओरडली, आई, तू फोटोत येतेयस! ही म्हणाली, येऊ दे गं, मला कोण बघतंय.

मी बटण दाबलं. इतका चांगला फोटो मी आजवर काढलेला नाही. मुलीचे डोळे लख्ख आणि तिच्या खांद्यामागे आईचा धूसर आकार, हात वर केलेला. हिला दाखवला. छान आलाय, म्हणाली, माझे पिकलेले केस दिसत नाहीत.

१८ नोव्हेंबर

तो कारकून आला होता.

आधी वाटलं, माझा चष्मा खराब झालाय. ओल्या काचेपलीकडे उभं असावं तसा दिसत होता. चष्मा पुसला. कपाट स्पष्ट, पाटी स्पष्ट, तो तेवढा नाही. त्याने सांगितलं, कचेरीत त्याच्या खुर्चीवर लोक पिशव्या ठेवतात. साहेबांना नमस्कार केला तर साहेब पंख्याकडे बघतात. माझ्या जिभेवर आलं होतं की अहो, हे सगळ्याच कारकुनांचं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, काल बायकोने दार उघडलं, बाहेर बघितलं आणि कुणी नाही म्हणून लावून घेतलं.



फोटो परत काढा, म्हणाला. एकट्याचा. मी म्हटलं, उद्या या. जिन्यावर त्याची पावलं वाजली नाहीत.

२० नोव्हेंबर

तो आला नाही. किंवा आला असेल.

घरी मुलीने आम्हा दोघांपुरतंच जेवायला वाढलं. ही समोर बसलेली होती. म्हणाली, विसरली असेल हो, अर्जाचं डोक्यात आहे तिच्या. मी हिच्याकडे बघितलं. हिला कडा नाहीत. गाल कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. ही म्हणाली, काय टक लावून बघताय, लग्नात तरी एवढं बघितलं होतंत का?

नव्हतं बघितलं.

२१ नोव्हेंबर

हिला नावाने हाक मारावीशी वाटली. नाव आठवेना.

कधी घेतलंच नाही ना. अगं. ऐकलंस का. आमची ही. झालं, भागलं. ही वही पहिल्यापासून चाळली. पानोपानी नुसतं ‘ही’. वहीसुद्धा ‘ही’, खोलीसुद्धा ‘ही’, लेन्ससुद्धा ‘ही’. कोण ही?

शेवटी हिलाच विचारलं. थट्टा पुरे, म्हणाली. हसली. मग हसणं थांबलं. खूप वेळ ओट्याला धरून उभी राहिली. तिलाही सांगता आलं नाही.

२२ नोव्हेंबर

मास्तरांना गाठलं. त्यांचा तरुणपणीचा एक फोटो कपाटात पालथा ठेवलेला असतो, तो सुलटा केला. याच लेन्सने काढलेला. भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा. खांद्यामागे एक पिवळा डाग. बाईच्या उंचीचा. विचारलं, हे कोण? मास्तर म्हणाले, कुणी नाही, पडदा असेल.

आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. का, ते त्यांना कळेना. म्हणाले, या फोटोपुढे मला असंच होतं बघ, म्हणून पालथा ठेवतो. रुमाल शोधत राहिले. खिशातच होता.

म्हणजे पुढच्याचा लख्खपणा येतो तो मागच्यातून. एकाचं काढून दुसऱ्याला. आणि मी त्याला कला म्हणत होतो.

२४ नोव्हेंबर

हिचा एकटीचा काढून बघितला. भिंतीला टेकवून. नुसतं धुकं. दुसऱ्या लेन्सने — धुकं. उजळायला मागे कुणीतरी लागतंच. साहेबांना उभं केलं असतं. पण साहेब कुणाच्या मागे उभे राहतील तर शपथ. मग रस्त्यावरच्या कुणाला तरी आणू? त्याची बायको दार उघडेल आणि —

नाही.

मुलगी काळजीने म्हणाली, बाबा, तुम्ही सारखे कुणाशी बोलता?

हिने ते ऐकलं.

२५ नोव्हेंबर

ठरलं. दोघींना स्टुडिओत आणलं. हिला काही सांगितलं नाही, सांगितलं असतं तर बसलीच नसती.

चेहरा दिसत नाही तर फोकस कशावर धरायचा? खालून शिंप्याची मापाची फीत आणली. एक टोक कॅमेऱ्याशी, दुसरं हिच्या डोळ्याशी. डोळा बोटांनी चाचपून — कपाळ, भुवई, ही पापणी. ओली होती. ब्लाउज शिवताय की काय, म्हणाली. आवाज शेजारच्या घरातून यावा तसा. हलू नकोस म्हटलं, बोटभरसुद्धा. फितीवरचं अंतर लेन्सवर लावलं.

मुलीला बटणापाशी उभं केलं. रडवेली झाली. बाबा, स्टूल रिकामं आहे, घरी चला ना. म्हटलं, माझं एवढं ऐक. दाब.

मागे जाऊन उभा राहिलो. हिच्या केसांना साबणाचा वास —

दाबलं.

नंतर

ही लख्ख. कपाळावरची आठी. ओठाखालचा तीळ — हा तीळ कधीपासून आहे? पिकलेले केस, सगळे. किती सुंदर —

मुलगी ‘आई’ म्हणून गळ्यात पडली. दोघी रडल्या. मग दोघी हसल्या. दार लावून निघाल्या. मी आत होतो.

घरी

चालत आलो. लोक अंगावर येतात, सॉरी म्हणत नाहीत.

दोघी जेवतायत. अक्षर पसरतंय — बोटं कुठे संपतात आणि पेन कुठे —

बरं दिसतंय. दोघी स्पष्ट. एवढंच हवं होतं ना? हवं होतं. फक्त —

नाव आठवलं! हिचं. पूर्ण. लिहीत बसत नाही, आधी हाक —

मारली. नावाने. पहिल्यांदाच.

ती वळली. मुलीला म्हणाली, कुणी हाक मारली का गं? मुलगी म्हणाली, नाही. ही उठली. दारापर्यंत आली. माझ्यासमोर. बोटभर अंतर. बघतेय — आरपार — ओठ हलतायत तिचे, काहीतरी आठवतंय, थांब — मी पुन्हा हाक मारतो — मोठ्याने — अगं