शेवटून पहिलं आलेलं गाणं

प्रिय विस्टिन,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी बाबांचं नाव काढलं की तुझ्या गॉथेनबर्गच्या घराचं दार नेमकं तेव्हाच कुणीतरी वाजवतं. पत्राला ‘दार वाजतंय, नंतर बोलू’ असं सांगता येत नाही. फार तर तू ते न वाचता ड्रॉवरमध्ये टाकशील, आणि मग उल्रिका ते काढून तुझ्या ताटाशेजारी ठेवेल. बायको तुझी असली तरी ती माझ्या बाजूची आहे, हे तुला माहीतच आहे. तेव्हा आत्ताच बस आणि वाच.

इथे उकाडा सुरू झालाय. संत रोकच्या उत्सवाचे सजावटीचे खांब रस्त्यावर येऊन पडलेत, अजून उभे केलेले नाहीत. नेहमीप्रमाणे ते कुणी उभे करायचे यावरून भांडण चाललंय. चेन्सा आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर तिने पहिल्यांदा मला पाहिलं आणि म्हणाली, "मेना, तू एवढी म्हातारी कधी झालीस?" मी अजून औषधाच्या दुकानातच आहे. सगळ्या गावाचे रक्तदाब मला पाठ आहेत.

आणि आपलं गाणं. तुला तिकडे कुणी सांगत नसेल, म्हणून मी सांगते. ‘सकाळपर्यंत’ आता इथे सगळीकडे वाजतं. मागच्या महिन्यात शेजारच्या मार्लीनच्या मुलीचं लग्न होतं. जेवणं झाल्यावर तो सुरुवातीचा ठोका आला, आणि आपण ते गायलो तेव्हा ज्यांचा जन्मही झालेला नव्हता अशी पोरं किंचाळत मधे धावली. हात कमरेवर, मग खांद्यावर, मग गिरकी, जसं आपण ठरवलं होतं अगदी तसं. त्यांना वाटतं या पायऱ्या आकाशातून पडल्या. चेन्सा आत्याने शिवलेल्या त्या चंदेरी झग्यामुळे माझे हात खांद्याच्या वर जात नव्हते, म्हणून ते खांद्यावरच थांबतात, हे त्यांना कोण सांगणार? मला ओढून मधे नेलं. सर्वात पुढे कोण नाचत होतं सांगू? बेकरीवाला लेली. तू रस्त्याने गेलास की तोंडाने ‘घर्र घर्र’ आवाज काढायचा, तोच.

नाचता नाचता मला दम लागला आणि मी बाजूला बसले. बसल्यावर मनात आलं, या पोरांना काय आठवत असेल? त्यांना आठवण्यासारखं काही नाही, त्यांना फक्त मजा येते. आठवतं आपल्याला, आणि आठवतं ते गाणंसुद्धा नाही. आठवते ती हिवाळ्यातली गच्चीवरची खोली. एका कोपऱ्यात आईचं कपडे धुण्याचं मशीन, दुसऱ्यात तुझा कीबोर्ड आणि ते ठोक्यांचं यंत्र, आणि मधे दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. तू एकोणीस वर्षांचा. मी चादरीआडून गायचे आणि तू म्हणायचास, "पुन्हा. इतकी गोड गाऊ नकोस, हे काही चर्च नाही." सगळे सांगत होते की युरोपच्या स्पर्धेला जायचं तर इंग्रजीत लिही, प्रेमाचं लिही, हळू लिही. तू म्हणालास, आपल्या भाषेत लिहिणार, आणि असं की ज्यावर माणूस उभा राहूच शकणार नाही. बेटावरच्या फेरीत आपण जिंकलो त्या दिवशी आई रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बदामाच्या वड्या वाटत होती. बाबांच्या बँडशी कायमची चुरस असलेल्या समोरच्या बँडच्या लोकांनासुद्धा दिल्या. याहून जास्त ती काय करणार?

मग तो मोठा रंगमंच. तू माझ्या मागे उंच चौथऱ्यावर, काळा चष्मा लावून. मला वाटलं होतं की मी घाबरेन, पण ठोका सुरू झाला आणि मी घाबरायचंच विसरले. विस्टिन, मी चांगली गायले. तूही चांगला होतास. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा आपण दोघेही फक्त त्या गुणांच्या फळ्याकडे बघत होतो. एकामागून एक देश येत होते, हसत होते, गुण देत होते, आणि आपण तळाला. हिरव्या सोफ्यावर तू माझा हात इतका घट्ट धरलास की बोटं पांढरी पडली. मग ते संपलं. आपण शेवटून पहिले आलो.

हरणं मला लागलं नाही. म्हणजे आठवडाभर लागलं, मग मी दुकानात रुजू झाले आणि लोक खोकल्याचं औषध मागायला लागले. तुला लागलं ते हरणं नव्हतंच. ते लागलं दुसऱ्या दिवशी. टीव्हीवाले बँडच्या क्लबात आले. बाबा बँडचे मास्तर, हातात क्लॅरिनेट, आजूबाजूला सगळे मित्र. त्यांना विचारलं, "नेनू मास्तर, काय वाटलं?" बाबा म्हणाले, "मुलगी छान गायली. पण गाणं? कपडे धुण्याच्या मशीनमध्ये चमचा राहून गेला की असाच आवाज येतो." सगळा क्लब हसला. संध्याकाळच्या बातम्यांत सगळं बेट हसलं. आणि गावाने तुला नाव देऊन टाकलं, ‘मशीन’. आपल्याकडे नाव एकदा चिकटलं की थडग्यापर्यंत सोबत येतं. गंमत अशी की तो ठोका तू खरंच आईच्या मशीनवरून घेतला होतास. ते फक्त तुला आणि मला ठाऊक होतं, आणि बाबांच्या कानाने ते पकडलं होतं. तू जेवणाच्या टेबलावरून उठलास तो पुन्हा त्यांच्यासमोर बसलाच नाहीस. शरद ऋतूत देश सोडून गेलास. आईच्या अंत्यसंस्काराला आलास तेव्हा शवपेटीच्या दोन बाजूंना तुम्ही दोघे उभे होतात, आणि मी मधे उभी राहून कुणाकडे बघावं ते न कळून मेणबत्त्यांकडे बघत होते. आता तिकडे तू लोकांचे पियानो सुरात लावून देतोस. उल्रिका म्हणते, सुरात लागला की झाकण बंद करतोस आणि निघतोस, एक धूनही वाजवत नाहीस.

आता जे घडलं ते सांगते. वसंतात दोन उंच, गोरे, पन्नाशीचे बाप्ये दुकानात आले. मला वाटलं, उन्हाने भाजलेत, मलम हवं असेल. एकाने कोट उघडला, तर आत सदऱ्यावर माझा फोटो, चंदेरी झग्यातला! मी काउंटरच धरला. ते फिनलंडहून आले होते, ओस्मो आणि तार्मो. स्पर्धेतली जुनी गाणी जमवणं हा त्यांचा छंद, आणि जे गायक कुणाच्या लक्षात नाहीत त्यांना शोधून भेटणं हा त्याहून मोठा. तार्मो म्हणाला, "आमच्या गावात तेव्हा बर्फ वितळायचा होता. आई कधी नाचायची नाही, ती फार गप्प बाई. तुमचं गाणं लागलं आणि ती उठली. स्वयंपाकघरात आम्ही दोघं नाचलो. ती गेल्यावर मला तिचं तेवढंच हसणं आठवतं." मी म्हटलं, "जेवायला चला."

घरी मॅकरोनी ओव्हनमध्ये होतीच. बाबा टेबलाच्या टोकाला. आता ते अठ्ठ्याऐंशीचे, कानाला यंत्र, पण ते यंत्र त्यांना पाहिजे तेव्हाच चालतं. त्यांनी विचारलं, "हे कोण? वीजवाले का?" मी ओरडून सांगितलं की पाहुणे आहेत, आपल्या गाण्यासाठी आलेत. त्या टेबलावर त्या गाण्याचं नाव इतकी वर्षं कुणी काढलं नव्हतं. आणि त्या दोघांना काय माहीत! त्यांनी वाइनचा घोट घेतला आणि खडे आवाज लावून गायलाच सुरुवात केली. आपल्या भाषेत. उच्चार असे की मांजर पळून जाईल, पण एक शब्द चुकला नाही. बाबा ताटाकडे बघत होते. दुसऱ्या कडव्यावर आले आणि बाबांनी काटा टेबलावर आपटला. म्हणाले, "चूक."

मला वाटलं, झालं आता.

बाबा म्हणाले, "तिथे सूर खाली येत नाही, वर जातो. सगळे खाली आणतात, लग्नातही खालीच आणतात. त्याने वर नेलाय, मुद्दाम नेलाय. म्हणूनच तर ते गाणं उभं राहतं." आणि त्यांनी ते गाऊन दाखवलं. त्या फाटक्या आवाजात, काट्याने ताटावर ठोका धरून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. ओस्मो रडायलाच लागला. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला हे कसं येतं?" तर माझ्यावरच खेकसले, "घर माझंच होतं ना? अख्खा हिवाळा जिन्यात बसून ऐकलंय. बहिरा आता झालोय, तेव्हा नव्हतो."

पाहुणे गेल्यावर मी भांडी घासत होते आणि ते मागे खुर्चीत बसून होते. विचारल्याशिवाय बोलू लागले. म्हणाले, "मी त्याला क्लॅरिनेट शिकवलं. वाटलं, माझ्यानंतर बँड तो बघेल. बँडला चाळीस माणसं लागतात, त्यातली दहा भांडतात, पाच दारू पिऊन येतात, तरी वाजवायला माणसंच लागतात. मग हा गच्चीवर एकटा बसला आणि त्या पेटीतून सगळं काढायला लागला. ढोल, तुताऱ्या, सगळं. आणि चांगलं काढायला लागला. मी जिन्यात बसून म्हटलं, याला आपल्यापैकी कुणाचीच गरज नाही." मग म्हणाले, "टीव्हीवाल्याला जे बोललो ते लोकांना हसवायला बोललो. हसले. मग परत कसं घ्यायचं ते मला आलं नाही." मी नळ सुरूच ठेवला, विस्टिन. बंद केला असता तर ते गप्प झाले असते.

त्यानंतर ते कामाला लागले. रोज सकाळी कॉफी झाली की टेबल पुसायचं, कागद पसरायचे, भिंग घ्यायचं. ‘सकाळपर्यंत’ बँडसाठी लिहून काढलं, उत्सवाच्या सकाळच्या मिरवणुकीत वाजवायची धून म्हणून. तुझा तो मशीनचा ठोका त्यांनी लहान ढोलांना दिलाय. तुझे सगळे सूर जिथल्या तिथे आहेत, आणि दुसऱ्या कडव्यात क्लॅरिनेट वर जातं. क्लबच्या बैठकीत मीच त्यांना हात धरून नेलं. अध्यक्ष साल्वू म्हणाला, "मास्तर, तळाला आलेलं गाणं संताच्या मिरवणुकीत? समोरचा बँड आपल्याला वर्षभर चिडवेल." बाबा म्हणाले, "तू ढोल सांभाळ. संत रोक त्याच तीन धुना ऐकून कंटाळलाय, मूर्तीच्या पायाशी बसलेला त्याचा कुत्रासुद्धा कंटाळलाय." सगळे हसले. पण साल्वूने पुन्हा तोंड उघडलं, "म्हणजे आपल्या मशीनचं गाणं." त्यावर बाबा उठून उभे राहिले, काठीशिवाय. म्हणाले, "त्याचं नाव विस्टिन आहे. या खोलीत यापुढे तेच घ्यायचं." कुणी हसलं नाही. मग एकेक करून सगळ्यांनी हात वर केले. साल्वूनेसुद्धा.

तुला वाटेल, ही सगळी कहाणी मी तुला उत्सवाला बोलावण्यासाठी लिहिली. आलास तर तुझी खोली आहेच, पण तसं काही बाबांनी मला सांगितलेलं नाही. मला वेगळंच काम दिलंय. क्लबाने होकार दिला तरी बाबांनी अजून एकाही वाजवणाऱ्याच्या हाती कागद दिलेला नाही. तालीम सुरू करायची वेळ झालीय, पोरं रोज विचारतात, आणि हे गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेत. म्हणतात, "ज्याचं गाणं आहे त्याला विचारल्याशिवाय नाही. माझा मुलगा आहे म्हणून गृहीत धरायचं नाही. तो नको म्हणाला तर वाजणार नाही, आणि ‘का नको?’ असं त्याला विचारायचंही नाही." तेव्हा हे पत्र त्यांच्या वतीने परवानगी मागायला आहे. आणि आणखी एक. प्रत्येक कागदावर वर उजवीकडे संगीतकाराचं नाव लिहितात, ती जागा त्यांनी मोकळी ठेवलीय. मी म्हटलं, "लिहा की विस्टिन शिक्लुना, त्यात काय विचारायचं?" तर म्हणाले, "तिकडे तो बायकोचं आडनाव लावतो. लुंडब्लाड. त्याला जे नाव हवं असेल ते लिहू. फक्त स्पेलिंग विचार, ते मला येत नाही." तू आडनाव बदललंस हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हा कळव, विस्टिन. आणि नाव मोठ्या, सुट्या अक्षरांत लिही, त्यांना आता बारीक दिसत नाही.

तुझीच,
मेना