अर्ध्यावर धरलेली स्टिक

बाबा, तुमच्या हाताबद्दल विचारायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा विचारायची सोय नव्हती, आणि आता तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर मला प्रश्न सुचताहेत. आधी मी कुठून बोलते आहे ते सांगते. तुम्ही भांड्यांच्या ज्या दुकानाच्या ओट्यावर बसून लोकांच्या पितळी भांड्यांवर नावं घालायचात, त्याच्या मागच्या गल्लीत माझा गाळा आहे. पाटी मोबाइल दुरुस्तीची आहे, पण गेली काही वर्षं माझं निम्मं काम व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरचं असतं. तुम्ही कंट्रोलर पाहिलेला नाही. दोन्ही मुठींत धरायची एक वस्तू, तिच्यावर बटणं, आणि जुन्या आठ आण्याएवढी टोपी असलेल्या दोन बुटक्या दांड्या. त्यांना सगळे स्टिक म्हणतात. तिच्यावर अंगठा ठेवून पोरं पडद्यावरचा माणूस चालवतात. जराशी ढकलली तर तो हळू चालतो, पुरती ढकलली तर पळत सुटतो. बटणाला फक्त हो आणि नाही कळतं. स्टिकला थोडं, जरा जास्त, अजून जरासं, असं सगळं कळतं, म्हणून ती बिघडतेही बटणाच्या आधी.

तिच्या पोटात काय असतं ते पाहायला तुम्हाला आवडलं असतं. कार्बनच्या दोन छोट्या पट्ट्या असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. त्यांच्यावरून धातूची जीभ सरकते आणि अंगठा किती सरकला ते सांगते. सोडलं की स्प्रिंग तिला मधोमध आणून उभी करते. घासून घासून कार्बन झिजला की ती चुकीचं सांगायला लागते. आपल्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर व्हायची ना, तोच हा आजार. नव्या प्रकारात पट्टीऐवजी लोहचुंबक असतं, त्यात घासायला काही नाही. पण मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते मधल्या जागेचं. मधोमध एक लहानसं वर्तुळ मुद्दाम बहिरं ठेवलेलं असतं. त्याच्या आत स्टिक हलली तरी कंट्रोलर तिकडे लक्षच देत नाही. त्याला डेड झोन म्हणतात, मी गिऱ्हाइकांना ढील म्हणून सांगते. ती ढील ठेवतात, कारण कुठल्याच माणसाचा अंगठा पुरता स्थिर नसतो. हे मला कळलं त्या दिवशी मी हातातलं काम बाजूला ठेवून बसले होते. ज्या कोणी पहिल्यांदा ती ढील मोजून ठरवली, त्याने किती माणसांचे अंगठे पाहिले असतील, याचा मी अजूनही विचार करते.

दिवाळीनंतर तुमसरची एक कॉलेजातली मुलगी तिचा कंट्रोलर घेऊन आली. ती स्पर्धांत खेळते, त्यामुळे तिच्या मागण्या बारीक. ढील जवळजवळ नको, स्प्रिंग जरा मऊ हवी, नेम धरताना अंगठा केसभर हलला तरी पडद्यावर दिसला पाहिजे. मी जुनी स्टिक काढली, नवी बसवली आणि कॉम्प्युटरला जोडून तपासायला घेतली. पडद्यावर एक वर्तुळ येतं आणि त्यात एक ठिपका. स्टिक सोडली की ठिपका मधोमध थांबला पाहिजे. तो थांबला. मग ती अर्ध्यावर ढकलून धरायची, ठिपका तिथल्या तिथे उभा राहिला पाहिजे. तो थरथरायला लागला. माल खराब आला म्हणून मी ती स्टिक काढली. काढायची म्हणजे कथलाचे चौदा टाके वितळवून सोडवायचे, खेळ नाही. दुसरी बसवली, तिचंही तेच. मग तिसरी चुंबकाची बसवली. हिच्यात खरखरायला काही नाहीच, तरी ठिपका आपला थरथरतोच आहे. मी नागपूरच्या माल पाठवणाऱ्याला फोन लावला आणि तुमच्याकडून घेतलेला माझा तापट स्वभाव त्याला चांगला दहा मिनिटं ऐकवला. तो बिचारा माफी मागत होता, दुसरा माल पाठवतो म्हणत होता.

मुलगी एसटीने आली तेव्हा मी तिला सांगितलं की या खेपेचा माल वाईट आहे, अजून आठ दिवस थांब. तिने कंट्रोलर उचलला, स्टिक अर्ध्यावर धरली आणि पडद्याकडे पाहिलं. ठिपका खिळा ठोकल्यासारखा उभा. तिने डावीकडे धरली, वर धरली, तिरपी धरली. "काकू, स्टिक त एकदम बरोबर आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, आण इकडे, दाखवते. माझ्या अंगठ्याखाली ठिपका लगेच थरथरला. पोरगी हुशार. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि गाळ्यात आम्ही दोघीच असूनही तिने आवाज खाली आणला. "काकू, तुमचा हात हालून राहिला." मी म्हटलं, टेबल हलतं, रस्त्यावरून ट्रक जातात. तिने तळहात टेबलावर ठेवून थोडा वेळ वाट पाहिली. ट्रक काही गेला नाही. मग ती कंट्रोलर घेऊन, नीट थँक्यू म्हणून निघून गेली.

माझं पोट या दोन हातांवर आहे हे तुम्हाला सांगायला नको. केसाएवढ्या तारेला कथलाचा डाग द्यायचा असतो, आणि तो शेजारच्या तारेला लागला की वस्तू गेली. हात गेले तर गाळा गेला. पण खरं सांगते, पहिले काही दिवस मला काळजीपेक्षा कुतूहलच जास्त होतं. मी स्वतःलाच तपासत बसले. सकाळी, जेवल्यावर, चहाच्या आधी, चहानंतर, डावा अंगठा, उजवा अंगठा. चहानंतर ठिपका जास्त नाचतो. स्टिक मधोमध असताना काही दिसत नाही, कारण ढील ते झाकते. पुरती कडेला ढकलली तरी दिसत नाही, कारण कडेच्या रिंगणाचा आधार मिळतो. फक्त अर्ध्यावर, जिथे अंगठ्याला कुणाचाच आधार नाही, तिथे दिसतं. आणि हे कळल्याबरोबर मला तुमचा हात आठवला, जो नेहमी कशाला तरी टेकलेला असायचा. भांडं दोन पावलांत घट्ट धरलेलं, मनगट भांड्याच्या काठावर, कोपर गुडघ्यावर. मला वाटायचं, नावं घालणारे सगळे असेच बसतात. ओट्याच्या त्या टोकाला बसणारे दुसरे काका तसे बसत नव्हते, हे मला आत्ता आठवतं आहे.

मग मी एकेक गोष्ट आठवत गेले, आणि बाबा, किती वर्षं फसवलंत हो आम्हाला. मी लहान होते तेव्हा तुमचं अक्षर सलग होतं, छिन्नी एकदा टेकली की मात्रा संपेपर्यंत उचलायची नाही. पुढे तुम्ही ठिपक्यांनी नावं घालायला लागलात. गिऱ्हाइकांना सांगितलंत की आता हीच फॅशन आहे, आणि बाजारात खरोखरच तशी फॅशन झाली. ठिपक्याचा फायदा मला आज कळतो. टोक टेकवायचं, हात थांबेपर्यंत थांबायचं, मग ठोका मारायचा. दोन ठोक्यांच्या मधे हात कितीही हलू दे, भांड्यावर ते उमटत नाही. हलकी हातोडी टाकून जड घेतलीत, कारण जड वस्तू हातात कमी हलते. कंट्रोलरवालेही त्यासाठीच कडक स्प्रिंग घालतात. अक्षरं मोठी केलीत, म्हाताऱ्यांना वाचता यावं म्हणून. पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं घालायला लागलात. चहा सोडलात, आणि आम्ही सगळे तुमच्या पित्ताला नावं ठेवत राहिलो. शेवटी विजेची मशीन आणलीत. ती स्वतःच इतकी थरथरते की तिच्या थरथरीत आणखी एक थरथर कुणाला ओळखू येणार? ही शेवटची युक्ती माझ्या लक्षात आली तेव्हा मी गाळ्यात एकटीच हसले. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये थरथर गाळून टाकायची सोय आहे, पण गाळली की स्टिक उशिरा ऐकते, आणि स्पर्धेतल्या पोरांना तो उशीर चालत नाही. तुमच्या कामालाही उशीर व्हायला लागला होता. लोक कुरकुरले की तुम्ही म्हणायचात, नाव एकदाच पडते, मंग जल्दी कायची.

यात एक गोष्ट मात्र कुठे बसत नाही. मला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही मला स्टीलचा डबा दिलात. त्यावर माझं पूर्ण नाव, बारीक, सलग, छिन्नीने घातलेलं. तेव्हा मशीन येऊन वर्ष झालं असेल. अक्षर वाकडं होतं, आणि मी मुलींसमोर लाज वाटेल म्हणून तोंड वाकडं केलं. मशीननं टाकायचं ना, असंही म्हटलं. गेल्या पंधरवड्यात तो डबा काढून मी डागकामाच्या भिंगाखाली धरला. छिन्नी कुठे घसरली आणि तुम्ही कुठून परत आलात ते सगळं दिसतं. रेघ कुठेही तुटलेली नाही. पितळेपेक्षा स्टील कडक, त्यावर आधार कमी, नाव मोठं, आणि तुमच्याकडे एवढ्या युक्त्या असताना त्यातली एकही तुम्ही वापरली नाहीत. का? एकच प्रश्न विचारायची मुभा मिळाली तर मी हा विचारीन.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही मला रागावलात. लग्नसराई होती, आंदणाच्या भांड्यांचा ढीग पडला होता, मी तुमचा जेवणाचा डबा घेऊन आले होते. एका बाईने पाण्याची गुंडी पुढे केली आणि वेलांटी वाकडी आली म्हणाली. तिने तुम्हाला बोलू नये म्हणून मी पटकन सांगितलं की बाबांचा हात हलतो, म्हणून झालं. तुम्ही गुंडी घेतलीत, जागा घासून साफ केलीत, पुन्हा नाव घातलंत आणि बाईंना हसून पाठवलंत. मग माझ्याकडे न पाहता म्हणालात, "हाताची गोष्ट दुकानात कराची नाही. घरी बी कराची नाही. लोकं हातावर भरोसा ठेवून भांडं देतेत. तो गेला का मंग माह्यापाशी काय राह्यते?" तुम्ही मला त्याआधीही रागावला होतात, पण इतक्या हळू आवाजात कधी नाही. त्यानंतर मी ती गोष्ट काढली नाही, आणि आईनेही नाही. मागच्या महिन्यात मी तिला सरळ विचारलं. ती लाखोळीची डाळ निवडत बसली होती. "काही नव्हतं त्याईले," ती म्हणाली. "थंडी वाजे." आणि सुपातून वर पाहिलं नाही.

हे सगळं मी मोबाइलवर टाइप करते आहे. वहीत सुरू केलं होतं, पण दुसऱ्याच ओळीला थांबले. तुम्ही जन्मभर अक्षरं पाहिलीत, मजकूर वाचायच्या आधीच तुम्हाला सगळं कळलं असतं. पाठवायला कुठलाच पत्ता नसतानाही मी तेवढी काळजी घेतली.

मागच्या आठवड्यात भंडाऱ्यातच एका डॉक्टरांकडे गेले. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, पण घाई न करणारे. त्यांनी दोन्ही हात समोर धरायला लावले, काठोकाठ भरलेला पेला उचलायला लावला, कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला लावलं. वेटोळं पाहून मलाच हसू आलं, ते थेट माझ्या पडद्यावरच्या ठिपक्याचं अक्षर होतं. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. अशी थरथर पुष्कळदा घराण्यात असते, गोळीने कमी होते, काहींची वर्षानुवर्षं तेवढीच राहते, काहींची वाढत जाते. मग पेन उचलून त्यांनी विचारलं, आईवडिलांपैकी कुणाला होतं का? मी नाही म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. सोमवारी परत बोलावलं आहे.

घरी येताना मी स्वतःला सांगत होते की मी तुमचा शब्द राखला. दोन दिवस ते मला खरंही वाटलं. पण मला आठवतं, बाबा, तुमची बारीक अक्षरं गेली, मग मोठी गेली, मग मशीन पेटीत गेली. भाताचा घास तोंडाशी येईपर्यंत निम्मा सांडायचा म्हणून तुम्ही भात आवडत नाही म्हणायला लागलात, आणि पुढे शर्टाची बटणं आई लावून द्यायची, तुम्ही भिंतीकडे पाहत उभे राहायचात. डॉक्टरांना हो म्हटलं असतं तर ते सगळं त्या कागदावर माझ्या नावापुढे आलं असतं. तुमचा शब्द वगैरे काही नव्हतं. मला भीती वाटली.