नदीत सोडलेला जबडा

दहिवली, पौष वद्य तृतीया, सन १९३४. संध्याकाळ.

मुंबईला काढलेला माझ्या खालच्या जबड्याचा एक्स-रे आईनं आज नदीत सोडला. सोमवारी ऑपरेशनआधी डॉक्टरांना तोच पाहायचाय. सामान शेजाऱ्याबरोबर पुढं पाठवून मी भिवपुरीला वीजघराचे पाण्याचे मोठे नळ बघत रेंगाळलो. सरळ घरी आलो असतो तर...

"हाडं घरात ठेवत नाय रं," ती म्हणाली.

"अगं, फोटो होता तो."

"दात मोजलं मी. पडलेल्याची जागा बी दिसली. तुजंच हाय."

फोटो काय, दुसरा काढतील. पण सोडताना काय म्हणालीस, हे मी उगाच विचारलं. बाबांच्या अस्थी सोडताना म्हटलं तेच, म्हणाली, निस्तं नाव तुजं घेतलं. मग एकदम पदर तोंडाला लावला. तेव्हापासून माझ्याकडे बघत नाही. गाल ठणकतोय. सोमवारी तिच्यासमोरून निघू कसा?