फोटोत आडवी आलेली फांदी

मी चांगुणा, केरबा सोनकांबळे याची बायको, वय चोवीस, शिक्षण सातवी, राहणार हिंगणदरा स्टेशन, उदगीरकडची लाईन, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिवते. मी होशात हाय. धमकी देऊन कुणी लिवून घेतलेलं न्हाई. धमकी हाय, पण ती तोंड उघडू नको म्हणून हाय. मला भ्या वाटतंय हे बी खरं. भ्या वाटतंय म्हणजे डोकं फिरलंय असं वाचणाऱ्यानं समजू नये.

उद्या मंगळवारी मला नांदेडला चौकशीच्या सायबापुढं जबाब द्यायचाय. माझा नवरा रेल्वेच्या तारेला चिकटून कसा मेला ते सांगायचंय. तितून नीट परत आले तर हा कागद मीच चुलीत घालीन. न्हाई आले तर खाली लिवल्यापरमाणं करावं.

पहिलं माझ्या लेकीचं. सुमेधा, वय चार. तिला माझी आई भामाबाई, राहणार विष्णुपुरी, नांदेड, हिच्या ताब्यात द्यावं. आई हॉस्टेलच्या मेसमधी पोळ्या लाटते, मागच्या खोलीत राहते. तितं पोरगी उपाशी राहणार न्हाई, आणि पुस्तकं घेऊन जाणारी पोरं रोज बघंल. माझे मोठे दीर साहेबराव यांच्याकडं लेकरू देऊ नये. ते म्हणतील, पोरगी आमच्या घराण्याची हाय. म्हणू द्यावं. भाऊ मेला त्या आठवड्यात त्येनी ठेकेदाराच्या कागदावर लिवून दिलं, केरबाला करंटचं माहीत होतं म्हणून. मग सबस्टेशनवर वाचमन झाले. आता निळा सदरा घालून माझ्या दारावरून जातात आणि लेकराला गोळी देतात. ती गोळी मी नालीत टाकते. सुमेधा रडते. रडू दे.

परवा दारात उभं राहून म्हणले, "तू नांदेडला जा की. पोरगी इतं ठेवून जा."

मी म्हणलं, "का, भावजी?"

"परत आलीस तर भेटंल."

म्हणून हे लिवते. मला बोलता आलं न्हाई तर पुढचाच माझा जबाब समजावा.

विजेच्या गाडीचं काम आलं तवा मालक, म्हणजे केरबा, आधी खांबाचे खड्डे खांदायला लागले, मग टावर गाडीवर चढून तार ओढायला. किती तरी महिने ती तार मेलेलीच होती. वर काम करणारी माणसं तिच्यावर टावेल वाळू घालायची. मालक सुमेधाला खांद्यावर घेऊन दाखवायचे, "ही तुझ्या बापानं ओढलेली." हातानं ओढलेली तार आपल्यालाच चावंल, असं माणसाला कसं वाटावं.

त्या ठेकेदाराला कामापेक्षा फोटोची हौस. खड्डा खांदला की फोटो, खांब उभा केला की फोटो. वर पाठवायचे असतात म्हणं. फोटोपुरती पिवळी टोपी मालकाच्या डोक्यावर ठेवायचे, फोटो झाला की काढून दुसऱ्याच्या डोक्यावर. सगळ्या गँगला टोपी एक. मालक हसायचे. मला तवाच किळस आली होती, पण चूल पेटत होती म्हणून मी बी गप.

मग एक दिस गावाला सावध करायचा कार्यक्रम आला. म्हणजे फोटोवाला आला. संगं ठेकेदाराचा सुपरवायझर नरसिंग. बाया पाहिजेत म्हणले. मी माझी सगळ्यात चांगली साडी नेसून गेले, लग्नातली पांढरी. आमच्यात नवरी पांढरी नेसते. फोटोवाल्यानं तोंड वाकडं केलं. म्हणला, "पांढरी नको बाई, विधवा दिसायल्या." धोंडाबाईचं हिरवं लुगडं मला नेसवलं. धोंडाबाई म्हणजे स्टेशनला लागून ज्यांचं रान हाय त्या. मग त्यांचीच पितळी घागर माझ्या डोक्यावर दिली, गावाचं दिसावं म्हणून.

धोंडाबाई म्हणल्या, "रिकामी हाय रे बाबा ती. टँकरच आला न्हाई."

"मावशी, फोटोत कुठं कळतंय?"

"मग तुझं डोकं बी फोटोत भरलेलंच दिसंल."

सगळ्या बाया हसल्या. मी बी हसले, तेवढ्यात त्यानं फोटो काढला. कडंवर सुमेधा, हातात पाटी. पाटी हिंदीत होती, हम सतर्क हैं. मी इचारलं, सतर्क म्हणजे काय. नरसिंग म्हणला, "तुम्ही नुसती धरा." मी इचारलं, करंट कवा सोडणार. म्हणला, "दवंडी देऊ की." बिस्किटाचा पुडा देऊन गेले. दवंडी आली न्हाई. आजपावतर आली न्हाई.

पुढं उद्घाटन ठरलं. उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून बोंब चालूच होती, तर बॅनरवर लिवलं, नव्या जिल्ह्याची नवी गाडी. जिल्हा आला न्हाई, पाणी आलं न्हाई, बॅनर आला.

आदल्या दिशी सकाळी नरसिंगनं मालकाला हाक मारली. मी तितंच होते, प्लॅटफॉर्मवर, लिंबाखाली.

"केरबा, ही फांदी स्टेशनच्या नावावर आडवी येऊन राहिली. उद्या फोटोत नावच दिसायचं न्हाई. तेवढी काढ."

मालक म्हणले, "लाईनीत करंट?"

"आज कुठला करंट? उद्या मोठे साहेब बटन दाबतील तवा सुटंल."

हे माझ्या कानानं ऐकलेलं हाय. उद्या मी हेच सांगणार हाय, दुसरं काय न्हाई. करंट आदल्या रातीच सोडून ठेवला होता, तपासायला, हे मागनं कळलं. बटन नुसतं टेबलावर मांडायला आणलं होतं. त्याची वायर टेबलक्लॉथच्या मागं मोकळीच लोंबत होती, ती धोंडाबाईनं दुसऱ्या दिशी बघितली.

बांबूची आकडी पुरंना, म्हणून मालकांनी कामावरच्या लोखंडी पाईपाला आकडा बांधला. शेरडाला पाला वढायचा तोच आमचा आकडा. बारक्या डहाळ्या आधी पडू लागल्या. मालक म्हणले, "चांगुणे, वेच. शेरडाला दोन दिस पुरंल." अवंदा रानात हिरवं म्हणून काय न्हवतं. मी पदर पसरून वेचत होते, मान खाली. आवाज झाला. मग पाल्यावर माणूस पडला. ते मी इतंच सोडते.

राहिलेली फांदी सांजच्याला दुसऱ्याकडून कापून घेतली, लाईन बंद करून. म्हणजे बंद करता येत होती.

दुसऱ्या दिशी कार्यक्रम झाला. हार घातलेलं इंजिन आलं. बटन दाबलं, टाळ्या वाजल्या. पेपरात फोटो आला. त्याच्यात स्टेशनचं नाव लई सोच्छ दिसतंय.

मग नरसिंग माझ्या दारात आला. हातात माझा हिरव्या लुगड्यातला फोटो. म्हणला, "बाई, पाटी तुमच्याच हातात हाय. गावाला सांगितलं होतं. बायकोला माहीत हाय म्हणल्यावर नवऱ्याला माहीत नसंल का?"

मी म्हणलं, "सतर्क म्हणजे काय ते आता तरी सांगा."

त्यानं फोटो घडी करून खिशात ठेवला. म्हणला, "लेकरू घेऊन रोज रूळ ओलांडता. जपा."

तवापासून मी रूळ ओलांडताना सुमेधाला पोटाशी धरते. पळतच पलीकडं जाते. तिला वाटतंय मी खेळून राहिले.

आता बाकीचं.

माझी पत्र्याची खोली सुमेधाची. ती मोठी होईस्तवर किल्ली भामाबाईकडं राहावी. साहेबराव भावजी शेजारच्याच खोलीत राहतात, मधल्या भिंतीत त्येनी सदरा टांगायला खिळा ठोकलाय, त्याचं टोक माझ्या बाजूला निघालंय. भिंत माझी हाय. खिळा काढावा आणि भोक बुजवून घ्यावं, त्यांच्याच खर्चानं.

बचत गटात माझं जे असंल ते सुमेधाच्या शाळेला. मालकांचा नट आवळायचा मोठा पाना सुमेधाला. तिच्यानं उचलत न्हाई, उचलंल. बापानं तार ओढली होती हे तिला सांगावं. बाप अडाणीपणानं मेला असं कुणी सांगितलं तर पाना दाखवावा.

आकडा पोलिसांनी परत दिलाय. तो नरसिंगला द्यावा. त्याच्या दारावर टांगावा, येता जाता डोक्याला लागंल असा.

शेरडी कबरी आणि तिचं पिल्लू मी धोंडाबाईला लिवणार होते. पण गुरुपादप्पा, रेल्वेतनं रिटायर झालेले पॉइंट्समन, आमच्या मागच्या खोलीत राहतात, ते म्हणले, ज्याला काय भेटतं त्यानं साक्षीला राहू नये. धोंडाबाई म्हणल्या, "मग शेरडी नगं. सही करते." तर कबरी विकून पोरीच्या दप्तराला लावावी.

धोंडाबाईचं हिरवं लुगडं माझ्याच घरी हाय. मी धुऊन, घडी करून नेलं होतं, त्येनी परत घेतलं न्हाई. मी नेसले म्हणून. आमच्या चहाचा कप बी त्यांच्या वसरीत वेगळा टांगलेला हाय. हे मी तोंडानं कवा बोलले न्हाई, म्हणून लिवते. त्या लुगड्याचं पोतेरं करावं. हे कलम मी धोंडाबाईला वाचून दाखवलं, कारण त्यांची सही खाली येणार. मी म्हणलं, खोडू का. त्या म्हणल्या, "खोडू नगंस. खरं हाय." मग चहा मागितला, आणि माझ्या घरच्या कपात पिल्या.

तिकिटाच्या खिडकीशेजारी माझा तो फोटो अजून लावलेला हाय. पाऊस न्हाई म्हणून रंग बी गेला न्हाई. आम्ही तितनं जाताना सुमेधा त्याला हात करते. म्हणते, आई हसून राहिली. तो फोटो काढावा. कुणाची परवानगी लागत असंल तर, चेहरा माझा हाय, परवानगी माझी हाय, हीच ती.

मी मेले तर मला लग्नातली पांढरी साडी नेसवावी. त्रिसरण पंचशील म्हणावं. पण माझा फोटो मोठा करून, हार घालून भिंतीला लावू नये. सुमेधानं इचारलं, माझी आई कशी होती, तर भामाबाईनं सांगावं, बोलायची.

गुरुपादप्पा कानडी, मला अव्वा म्हणजे आई म्हणतात. सही करायला आधी तयार न्हवते. म्हणले, "अव्वा, माझी पेन्शन हाय. तारेखालीच राहायचंय मला." मी म्हणलं, बरं. ते दारापतर गेले, तितं सुमेधा मालकांची चप्पल पायात घालून बसली होती. ते तिच्याकडं बघत उभे राहिले. मग आत येऊन चष्मा मागितला. सही झाल्यावर म्हणले, "अव्वा, इतं वर कोपऱ्यात तुझा फोटो चिकटव. फोटो असला की कागद पक्का होतो."

कोपऱ्यात मी फोटो चिकटवला न्हाई. तितं काय लिवलंय ते खाली परत लिवते.

ठिकाण: हिंगणदरा स्टेशन
दिनांक: ११ मार्च २०२४, सोमवार

लिहून देणार: चांगुणा केरबा सोनकांबळे (सही)

साक्षीदार:
१. गुरुपादप्पा, रिटायर पॉइंट्समन (सही)
२. धोंडाबाई, शेती, हिंगणदरा (अंगठा. वाचून दाखवलं, सगळं.)

फोटो: न्हाई. चांगुणा कुणाला बघायची असंल तर उद्या नांदेडला यावं. पांढरी साडी नेसून बसलेली असंल, हातात पाटी नसंल.