अकरा बैठका

४ मार्च
बाबांच्या टेबल-फुटबॉलचे डबे माळ्यावरून काढले. संग्रहालयाच्या बाईंना मे महिन्यात प्रदर्शन मांडायचं आहे – या खेळातली माणसं चाळीस वर्षांत कशी बदलत गेली त्याचं. बाबा त्याच कारखान्यात साचे कोरायचे. बोटाच्या पेराएवढा खेळाडू, खाली घुमटासारखी गोल बैठक. बैठकीला टिचकी मारायची, ती घसरत जाऊन चेंडूला लागते. खेळ एवढाच.
"न्या," बाबा म्हणाले. "रविवारचा संघ सोडून."
रविवारी रंगारीकाका आपला संघ घेऊन खेळायला येतात. कारखान्यात खेळाडूंना रंग द्यायचे. आई गेल्यापासून बाबांचा आठवडा त्या एका दुपारवर टांगलेला आहे.

६ मार्च
क्रम लागला. सगळ्यांत जुने पुठ्ठ्याचे – कोटाचं बटण, त्याला खालून लोखंडी वॉशर, वर खाचेत माणूस. मग सेल्युलॉइडचे चपटे. त्यांची बैठक साच्यातली, वॉशर पोटात. मग भरीव, दोन्ही पाय एका पट्टीवर. शेवटचे हलके, यंत्राने रंगवलेले. त्यांना डोळे नाहीत. गुलाबी ठिपका, वर तपकिरी ठिपका.
ते यंत्र आलं त्या वर्षी रंगारीकाका घरी बसले.

७ मार्च
रविवारचा संघ सहज उघडून पाहिला. सावळा गोंधळ. भरीव गोलरक्षक बटणावर. पुठ्ठ्याचा माणूस हलक्या बैठकीवर. एका बैठकीची कड कानस मारून सपाट केलेली. डबे कधीतरी सांडले असणार, म्हातारपणी कोण जुळवत बसतं?
बाबा झोपले होते. दुपारभर बसून ज्याची बैठक त्याला दिली. सैल होते ते चिकटवले. कड घासलेल्या बैठकीच्या जागी डब्यातली दुसरी चांगली लावली. कितीतरी दिवसांनी काहीतरी धड केल्यासारखं वाटलं.

८ मार्च
खेळ झाला नाही.
बाबांनी टेबलावर हात फिरवला. पुन्हा फिरवला. "माझी माणसं कुठं गेली?"
समोरच तर आहेत, मी म्हटलं. त्यांनी एक उचलला. तो काकांच्या संघातला होता. खेळताना ज्यांचं तोंड मिटत नाही ते काका आपले खेळाडू डब्यात भरू लागले. बाबा उठले. खोलीत जाताना चौकटीवर आपटले.
जिन्यात काकांनी मला थांबवलं. "अगं, दोन वर्षं झाली. दिसत नाही त्याला. बैठका आम्हीच बदलल्या, बोटाला कळावं म्हणून. बटण लागलं की गोलरक्षक. सपाट कड म्हणजे डावा."
"मला का नाही सांगितलं?"
"पोरगी नोकरी सोडून घरी बसेल, म्हणाला."
'डावीकडे चार बोटं, मार ना रे आंधळ्या!' काकांचं हे ओरडणं दर रविवारी आतून ऐकायचे. चिडवतात, असं वाटायचं. हसायचे मी.
एकाच घरात राहतो आम्ही.

११ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. "गेलं ते परत येत नाही. इतके दिवस काय करत होता?" हे माझ्याकडे बघून. मग – "तुम्ही मुलगी ना? हा रक्ताच्या नात्यात उतरतो. तुमचंही तपासू." आलेच होते, तर तपासून घेतलं.


१२ मार्च
बाबा सांगतात, मी जोडते. जुळवणी त्यांना पाठ. "उजवा बॅक – चपट्याच्या बैठकीवर, कडेला टवका आहे बघ. मधला – हलका, पण आतून शिसं भरलंय." नऊ झाले. पुठ्ठ्याचे दोघे सोडवताना घोट्याशी फाटले. मी लावलेला गोंद सुटणारा नव्हता.
"काय झालं?"
सांगितलं.
ते बराच वेळ तुकडे चाचपत होते. "एकाची बैठक दुसऱ्याला बसू नये, यासाठी जन्मभर साचे कोरले. मग कानस घेऊन एकाची दुसऱ्याला बसवली. आणि तू–"
रात्री जेवले नाहीत.

१५ मार्च
बाबा नऊ जणांनिशी खेळले.
"नवांनिशी हरलास तर तोंड दाखवू नकोस," काका म्हणाले.
"तू दाखव. मला कुठं दिसतंय?"
काका चार गोलांनी जिंकले. एखादा सोडता आला असता, सोडला नाही. जेवताना बाबांनी त्या चारही गोलांबद्दल त्यांना शिव्या घातल्या. दोनदा वाढून घेतलं.
डबे संग्रहालयात गेले. पाटीवर काय लिहायचं, बाईंनी विचारलं. बैठका मूळच्याच आहेत, असं लिहा म्हटलं.

१८ मार्च
माझा रिपोर्ट आला. दोन्ही डोळे. नजरेच्या कडा आत यायला लागल्या आहेत.
बाबांना सांगितलं नाही. ते बाहेर काकांशी फोनवर बोलत होते तेव्हा मी टेबलाशी बसले, डोळे मिटले, बैठका चाचपल्या. नवांतले चार ओळखता आले.